नियमांच्या मसुद्यावर हरकत कशी नोंदवावी

विधिमंडळात कायदा संमत झाला की त्यावरची चर्चा संपली, असे अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात कायद्यात बहुधा एवढेच म्हटलेले असते की अर्ज विहित नमुन्यात, विहित मुदतीत आणि विहित शुल्कासह करावा. तो नमुना कोणता, मुदत किती आणि शुल्क किती, हे ठरते नंतर, मंत्रालयातील संबंधित विभागाने किंवा एखाद्या आयोगाने केलेल्या नियमांत. शाळेच्या बसमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी काय काय असले पाहिजे, हे महाराष्ट्रात २०११ च्या शालेय बस नियमांनी ठरवले. वीज गेल्यावर ती किती तासांत पूर्ववत झाली पाहिजे आणि न झाल्यास ग्राहकाला भरपाई किती, हे राज्य विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत, म्हणजे आयोगाने केलेल्या नियमांत, आहे. रोजच्या जगण्याला भिडणारा भाग असा नियमांत असतो, आणि त्या नियमांचा मसुदा तयार होत असताना आपले म्हणणे मांडण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली आहे. ती वापरायची कशी, याची माहिती येथे दिली आहे.

हा अधिकार येतो कोठून, हे आधी नीट समजून घ्यावे. प्रत्येक नियमापूर्वी लोकांना विचारलेच पाहिजे, असे सांगणारा एकच सर्वसाधारण कायदा भारतात नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या कॉल ड्रॉपसंबंधीच्या विनियमांवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते विनियम रद्द केले, आणि अमेरिकेत १९४६ पासून अशा सल्लामसलतीचा कायदा आहे, तसा कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. तो अजून झालेला नाही. त्यामुळे आपल्याला प्रत्येक वेळी मूळ कायद्यातील नियम करण्याचा अधिकार देणारे कलम उघडून पाहावे लागते. त्या कलमात 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून' असे शब्द असतील, तर मसुदा आधी प्रसिद्ध करणे सरकारवर बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ मध्ये आणि विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १८१ मध्ये ही शर्त आहे. काही कायद्यांत तातडीच्या प्रसंगी ती बाजूला ठेवण्याची मुभा सरकारला दिलेली असते आणि तशी ठेवल्यास अधिसूचनेत तसे नमूद केलेले असते. शासन निर्णय आणि परिपत्रके मात्र या चौकटीत येत नाहीत. त्यांचा मसुदा लोकांपुढे ठेवण्याची अशी सक्ती नाही.

पूर्वप्रसिद्धी म्हणजे काय, हे महाराष्ट्रापुरते १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या, म्हणजे इतर कायद्यांना लागू होणाऱ्या सामाईक तरतुदींच्या कायद्याच्या, कलम २४ मध्ये सांगितले आहे. ज्यांच्यावर परिणाम होण्याचा संभव आहे त्यांच्या माहितीसाठी मसुदा प्रसिद्ध करावा, तो कोणत्या तारखेस किंवा त्यानंतर विचारात घेतला जाईल ते सूचनेत सांगावे, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात, असा त्याचा आशय आहे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नियम पूर्वप्रसिद्धीनंतर केले आहेत असे राजपत्रात छापून आले, की ते रीतसर केले गेल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे मसुद्याच्या टप्प्यावर गप्प राहून नंतर 'आम्हाला कोणी विचारलेच नाही' असे म्हणण्याला कायद्यात फारशी जागा उरत नाही. माझ्या मते मुदतीच्या आत हरकत नोंदवण्याचे याहून मोठे कारण दुसरे नाही.

मसुदा शोधणे

राज्य सरकारचे मसुदे महाराष्ट्र शासन राजपत्रात येतात. केंद्रीय कायद्यांखाली राज्य सरकारने करावयाचे नियम भाग चार-अ मध्ये आणि राज्याच्या कायद्यांखालील नियम भाग चार-ब मध्ये छापले जातात; बरेच मसुदे असाधारण राजपत्रात येतात, जे कोणत्याही दिवशी निघू शकते. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर राजपत्रे विनामूल्य पाहता येतात. तथापि रोज राजपत्र चाळणे एकट्या माणसाला जमण्यासारखे नाही. आपल्या विषयाचे एक किंवा दोन विभाग ठरवून त्यांच्या संकेतस्थळांवर आठवड्यातून एकदा नजर टाकावी, आणि गृहनिर्माण संस्थांचा महासंघ, पालक संघ, रिक्षा संघटना किंवा ग्राहक पंचायत यांपैकी जी संघटना त्या विषयात काम करते तिच्याशी संपर्क ठेवावा. गृहनिर्माण संस्थांच्या नियमांचा मसुदा २०२५ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा अनेक सभासदांपर्यंत तो अशाच वाटेने पोहोचला.

मसुदा हाती आला की सर्वप्रथम तारीख पाहावी. अधिसूचनेच्या सुरुवातीच्या लांबलचक वाक्यात साधारणपणे असे म्हटलेले असते की उक्त मसुदा अमुक तारखेस किंवा त्यानंतर शासनाकडून विचारात घेण्यात येईल, आणि त्या तारखेपूर्वी अमुक विभागाच्या अपर मुख्य सचिवांकडे किंवा प्रधान सचिवांकडे कोणत्याही व्यक्तीकडून ज्या हरकती किंवा सूचना येतील त्या शासन विचारात घेईल. 'कोणत्याही व्यक्तीकडून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपण त्या व्यवसायातले असलेच पाहिजे, वकील असलेच पाहिजे किंवा संस्थेचे पदाधिकारी असलेच पाहिजे, अशी अट नाही. 'पूर्वी' आणि 'येतील' हे शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. तारीख १५ जुलै दिलेली असेल, तर हरकत १४ जुलैपर्यंत कार्यालयात पोहोचलेली असावी. ती त्या दिवशी टपालात टाकणे पुरेसे नाही. ही मुदत अनेकदा ३० दिवसांची, तर कधी त्याहूनही कमी असते, म्हणून मसुदा सापडला त्याच दिवशी कामाला लागावे. मुदत फारच अपुरी असेल, तर ती वाढवून मागणारे स्वतंत्र पत्र लगेच द्यावे. पण वाढ मिळेलच असे समजून मूळ हरकत लांबणीवर टाकू नये.

हरकत लिहिणे

मसुदा वाचताना शेजारी मूळ कायदा आणि सध्याचे नियम असावेत. सुधारणा नियमांचा मसुदा एकटा वाचून काहीच कळत नाही, कारण त्यात 'नियम ८ मधील पोटनियम (२) मध्ये अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करण्यात येईल' एवढेच असते. सध्याचा नियम कागदावर उतरवून त्यात प्रस्तावित बदल स्वतः करून पाहिला, की खरा फरक डोळ्यांसमोर येतो. परंतुक (म्हणजे 'परंतु' या शब्दाने जोडलेला अपवाद किंवा अट) आणि स्पष्टीकरण ही दोन ठिकाणे विशेष बारकाईने वाचावीत. मुख्य नियमात दिलेली सवलत पुष्कळदा तेथे काढून घेतलेली असते. कायद्याने जेवढा अधिकार दिला आहे त्यापलीकडे नियम जात आहे का, हेही तपासावे, कारण असा आक्षेप पुढे न्यायालयातही टिकतो.

हरकत लिहिताना आपला राग बाजूला ठेवणे कठीण असते, पण ते करावे. 'हा मसुदा लोकविरोधी आहे, तो रद्द करा' असे पत्र आले तर अधिकाऱ्याला त्याचे काय करायचे हे कळत नाही. हरकतींचा गोषवारा करताना ते 'सर्वसाधारण विरोध' या एका ओळीत जाते. त्याऐवजी प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी याव्यात: नियमाचा क्रमांक, त्यातील आक्षेपार्ह शब्द, त्या शब्दांमुळे कोणाचे नेमके काय नुकसान होईल, आणि त्यांच्या जागी कोणते शब्द असावेत. चौथी गोष्ट बहुतेकजण गाळतात आणि खरे तर तीच सर्वांत उपयोगी असते.

समजा, एखाद्या मसुद्यात असे आहे की सक्षम प्राधिकारी अर्ज शक्य तितक्या लवकर निकाली काढील. यावरची हरकत अशी लिहिता येईल: 'मसुद्यातील नियम ६ (३) मध्ये "शक्य तितक्या लवकर" असे शब्द आहेत. त्यामुळे अर्जदारास निर्णयाची कोणतीही निश्चित मुदत राहत नाही आणि विलंब झाल्यास दाद मागण्यास आधार उरत नाही. सबब त्या शब्दांऐवजी "अर्ज प्राप्त झाल्यापासून तीस दिवसांच्या आत, आणि अर्ज नाकारल्यास लेखी कारणे देऊन" हे शब्द दाखल करावेत, अशी सूचना आहे.' टिपणी लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला एवढा मजकूर जसाच्या तसा वर पाठवता येतो. आपल्याकडे पुरावा असेल, म्हणजे जुन्या अर्जाची प्रत, वीजबिले, छायाचित्रे किंवा माहिती अधिकारात मिळालेले उत्तर, तर ते परिशिष्ट म्हणून जोडावे आणि मजकुरात त्याचा उल्लेख करावा. मसुद्यात जे चांगले आहे त्याला पाठिंबाही लेखी द्यावा. चांगल्या तरतुदीला विरोध करणारे गट आपल्या हरकती न चुकता पाठवतात. तिच्या बाजूने कागदावर कोणीच नसेल, तर ती अंतिम नियमांतून गळण्याची भीती असते.

एकाच छापील मजकुरावर शेकडो सह्या गोळा करून पाठवण्याची पद्धत रूढ आहे. तिने विरोध किती आहे हे दिसते, परंतु त्या शेकडो पत्रांत मुद्दा एकच असतो. त्याच संघटनेतील दहा जणांनी आपापल्या अनुभवावरून दहा वेगवेगळ्या तरतुदींवर लिहिले, तर उत्तर देण्याजोगे दहा मुद्दे नोंदीवर येतात. मराठीत लिहिण्यास मुळीच संकोच करू नये. मराठी ही राज्याची राजभाषा आहे.

पत्रावर अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक, आपले नाव, पूर्ण पत्ता आणि सही असावी. ईमेलचा पत्ता दिला असेल तर ईमेल करावाच, पण शक्य असल्यास कागदी प्रतही द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ही पोच पुढच्या सगळ्या कामाचा आधार आहे.

विजेच्या बाबतीत सुनावणी

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची पद्धत मंत्रालयातील विभागांपेक्षा अधिक खुली आहे आणि ज्यांनी कधीच भाग घेतलेला नाही त्यांनी सुरुवात तेथून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आयोग विनियमांच्या मसुद्यासोबत स्पष्टीकरणात्मक टिपण प्रसिद्ध करतो, आणि अंतिम विनियमांसोबत कोणती हरकत का स्वीकारली वा का नाकारली याचे कारणांसह निवेदनही देतो. घरांच्या छतावरील सौर विजेसंबंधीच्या २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंगची, म्हणजे ग्राहकाने वीजजाळ्याला दिलेली वीज त्याच्या वापरातून वजा करण्याची, सवलत आक्रसण्याचा प्रस्ताव होता. ग्राहकांनी आणि सौर व्यवसायातील लोकांनी मोठ्या संख्येने हरकती घेतल्या, आणि डिसेंबर २०१९ मधील अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले.

वीजदराची प्रक्रिया थोडी वेगळी आहे. विद्युत अधिनियमाच्या कलम ६४ नुसार, लोकांकडून आलेल्या हरकती व सूचना विचारात घेऊन आयोगाने वीज कंपनीचा दरासंबंधीचा अर्ज (याचिका) मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. वीज कंपनीची जाहीर सूचना वर्तमानपत्रांत येते, आणि मूळ याचिका इंग्रजीत असली तरी तिचा मराठी सारांश उपलब्ध असतो. हरकतीची एक प्रत कंपनीलाही द्यावी लागते. प्रत्यक्ष सुनावणीत बोलायचे असेल, तर तसे लेखी निवेदनातच नमूद करावे. सुनावणीत वेळ थोडा मिळतो, म्हणून लेखी निवेदन वाचून दाखवू नये. दोनच मुद्दे घ्यावेत, पृष्ठ क्रमांक सांगावा आणि कंपनीने आपल्या उत्तरात काय टाळले ते दाखवावे. आपल्या मीटरची किंवा एका बिलाची तक्रार तेथे आणू नये. त्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. कलम ९४ (३) खाली आयोग ग्राहक प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्यातील प्रयास आणि मुंबई ग्राहक पंचायत यांसारख्या संस्थांनी हे काम केले आहे, आणि त्यांची जुनी निवेदने वाचणे हा उत्तम अभ्यास आहे. गोव्यातील वाचकांसाठी हेच काम गोवा व केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग करतो. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी ग्राहकांना आपापल्या राज्याच्या आयोगापुढे कलम ६४ चाच आधार आहे.

अंतिम नियम निघाल्यावर

अंतिम अधिसूचना आली की ती मसुद्याशी ओळीओळीने ताडून पाहावी. विभागाने कारणे दिलेली नसतील, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे हे कलम ४ (१) च्या खंड (ग) व (घ) प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे. दहा रुपये शुल्क भरून, आपला आवक क्रमांक देऊन, हरकतींचा गोषवारा आणि त्यावरील टिपणीची प्रत मागावी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून नेमके कोणते कागद हवेत तेवढेच लिहावे.

राज्याच्या बहुतेक कायद्यांनुसार नियम विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवले जातात आणि या काळात सभागृहे त्यांत फेरबदल करू शकतात किंवा ते रद्दही करू शकतात. आपली हरकत, पोच आणि माहिती अधिकारातील उत्तर यांचा संच करून तो आपल्या आमदारांना आणि अशा नियमांची छाननी करणाऱ्या विधिमंडळ समितीला अधिवेशनापूर्वी द्यावा. नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. विद्युत आयोगाच्या विनियमांनाही तेथेच आव्हान द्यावे लागते, कारण आयोगाच्या आदेशांवरील अपिले ऐकणारे विद्युत अपील न्यायाधिकरण त्यांची वैधता तपासू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. वीजदराच्या आदेशाविरुद्ध मात्र कलम १११ खाली ४५ दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.