व्हिंटेज पोर्ट उघडायची कशी

पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली जुनी व्हिंटेज पोर्ट (एकाच चांगल्या वर्षीच्या द्राक्षांची गोड, कडक वाईन) हाती लागली तर प्लीज घाई करू नका. ही वाईन दोनेक वर्षं पिंपात राहून न गाळताच बाटलीत जाते आणि तिथेच वर्षानुवर्षं मुरते, त्यामुळे गाळ साचतोच. आदल्या दिवशीच बाटली उभी करून ठेवा. बूच अगदी हळू काढा, जुनं असलं तर चुरा होतो. मग मानेखाली टॉर्च धरून एकाच धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे वाईनच्या काचेच्या सुरईत, ओता, मध्ये थांबलात की गाळ ढवळलाच समजा, आणि काळपट रेघ मानेपर्यंत आली की बस्स. ग्लास छोटाच घ्या, आंबणं द्राक्षाचं स्पिरिट घालून मध्येच थांबवतात म्हणून गोडवा राहतो, पण अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास असतं. दोन-तीन दिवसांत संपवा. टॉनी पोर्ट पिंपातच मुरते, तिला यातलं काही लागत नाही, जरा गार करून थेट ओता.