कपाळावरून मेंदूचा ऑक्सिजन मोजताना

बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर १०० दाखवतो तेव्हाही मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असू शकतो. बोटाच्या यंत्राला नाडी लागते, कपाळावरच्या निर्स (जवळच्या अवरक्त प्रकाशाने रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) यंत्राला ती लागत नाही. म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर, नाडी नसतानाही ते चालतं. त्याचा ७०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश कवटीतून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचतो. तिथलं बरंचसं रक्त शिरांमधलं, म्हणजे ऑक्सिजन देऊन परतणारं असतं, म्हणून इथे ९५ची अपेक्षा ठेवू नये. ६० ते ८० टक्के ठीक.

कपाळ स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. घामाच्या किंवा तेलकट त्वचेवर सेन्सर तासाभरात सुटतो. भुवईच्या एक-दोन सेंमी वर, मध्यरेषा सोडून, दोन्हीकडे एकेक लावा. मध्यरेषेखाली मोठी शीर असते, भुवईलगत सायनसची पोकळी. दोन्हींमुळे आकडा बिघडतो. सेन्सरखाली केस किंवा जुनी जखम नको. ऑपरेशन थिएटरचा दिवा आत शिरू नये म्हणून वर गडद कापड टाका, पण पट्टी आवळू नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा सुरुवातीचा आकडा. रुग्ण जागा असताना, भुलीचं औषध आणि ऑक्सिजनचा मास्क देण्याआधी ती नोंदवा. मास्कनंतर आकडा चढतो आणि पुढची प्रत्येक घसरण उगाच मोठी दिसते. २० टक्के घट म्हणजे ६५ची ५२, ४५ नव्हे. ही चूक अनुभवी माणसंही करतात.

एकाच बाजूचा आकडा पडला तर आधी सेन्सर सुटलाय का, मान वळलीय का, कॅन्युला (हार्ट-लंग मशीनची रक्तवाहिनीतली नळी) सरकलाय का ते बघा. दोन्ही पडले तर रक्तदाब, सॅच्युरेशन (बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा) आणि मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघा. व्हेंटिलेटर जास्त चालवल्याने तो अनेकदा ३० मिमीएचजीवर (पाऱ्याच्या मिलिमीटरमधला दाब) आलेला असतो. त्याच्या दर १ मिमीएचजी बदलाला मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे ३-४ टक्के बदलतो. श्वासांची गती कमी करताच आकडा अनेकदा वर येतो. नाही आला तर हिमोग्लोबिन आणि हृदयाची क्षमता तपासा.

नॉरअॅड्रेनलिनने (रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाने) कपाळाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा घसरणीचा काही भाग मेंदूचा नसून त्वचेचा असतो. शिवाय यंत्र फक्त कपाळामागचा भाग बघतं. मागच्या बाजूला स्ट्रोक झाला तर ते गप्पच राहील.

प्रवाहाचा अंदाज हवा तर ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे कवटीतून ध्वनिलहरी सोडून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणं. २ मेगाहर्ट्झचा प्रोब, भरपूर जेल, कानापुढे गालाच्या हाडाच्या वर; ५०-५५ मिमी खोलीवर प्रोबकडे येणारा प्रवाह मिळाला की ती मेंदूची मधली (सेरेब्रल) धमनी. काहींची, विशेषतः वयस्कर बायकांची, हाडाची खिडकी (ध्वनिलहरी आत जाऊ देणारा पातळ हाडाचा भाग) बंदच असते. आणि हा आकडा वेगाचा आहे, प्रवाहाचा नाही: वाहिनी अरुंद झाली तरी वेग वाढतो.

नेमक्या याच गुणामुळे सिकलसेलच्या (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांसाठी ही तपासणी मोलाची; विदर्भात आणि नंदुरबारकडे या आजाराची मुलं बरीच. २ ते १६ वयात दरवर्षी करावी. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंमी किंवा जास्त म्हणजे स्ट्रोकचा धोका, पण निर्णयाआधी पुन्हा मोजा. मूल तापलेलं नको, झोपलेलंही नको. झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेग फुगतो.