गरोदरपणात तीळ बदलला तर बायोप्सी कशी करून घ्यावी

‘दिवस गेले की तीळ काळे पडतातच, बाळंतपणानंतर बघू.’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. पोटावरची रेघ, गालांवरचे वांग गडद होतात हे खरं. पोट ताणलं की पोटावरचे तीळही थोडे पसरतात. पण पाठीवरचा किंवा पायावरचा एकच तीळ बाकीच्यांना सोडून वाढत असेल, तर त्याचं खापर गरोदरपणावर फोडू नका.

सुरुवात तळव्यांपासून करा. आपल्या सावळ्या कातडीत मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली सापडतो. पोट पुढे आल्यावर स्वतःचे तळवे दिसत नाहीत, तेव्हा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. नेलपॉलिश पुसा, आणि हे सगळं डोहाळजेवणाची मेंदी लागायच्या आधी. नखातली काळी रेघ मुळाशी कातडीवर उतरलेली दिसली, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

खरी गोची पुढे होते. तीळ लेझरने किंवा कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या सुईने) ‘पाच मिनिटांत’ जाळून देणारे गल्लोगल्ली आहेत. जाळलेल्या तिळाची तपासणी होत नाही. मेलानोमाचे पुढचे उपचार त्याची खोली किती मिलिमीटर यावर ठरतात, आणि तीच माहिती धुरात जाते. वरवर खरवडून घेणंही नको. भोवतीची 1 ते 3 मिलिमीटर निरोगी कातडी धरून अख्खा तीळ तपासणीसाठी काढायला सांगा, हीच बायोप्सी. तळव्यावरचा मोठा डाग असेल तर सर्वांत जाड भागाचा तुकडा चालतो.

भुलीची भीती नको. लिग्नोकेनचं स्थानिक इंजेक्शन कोणत्याही महिन्यात देता येतं. विसाव्या आठवड्यानंतर टेबलावर सपाट उताणं झोपू नका, उजव्या कुशीखाली उशी घ्या.

तुकड्याची बाटली बरेचदा नवऱ्याच्याच हातात देतात, ‘लॅबमध्ये टाका’ म्हणून. आत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव) आहे ना, हे विचारा. सलाइनमध्ये तुकडा सडतो. लेबलवर नाव, बाजूसकट जागा (‘डावा तळवा’) आणि कितवा आठवडा हे तिन्ही हवं.

अहवालात मेलानोमा आला, तर त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो बसवलेले मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. परळला टाटा मेमोरियलमध्ये ते पुन्हा तपासतात, नुसता कागद पुरत नाही. काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीका गाठींची तपासणी ठरली, तर त्या शोधायला वापरतात तो निळा रंग टोचू नका असं शल्यविशारदाला आधीच सांगा.