करंगळी घसरते आणि कॅप्स लॉक लागतो

आमच्या आर्वीच्या टायपिंग क्लासमध्ये नवीन मुलगी आली की पहिल्या आठवड्यात एक प्रसंग हमखास घडतो. डाव्या हाताची करंगळी ए वर असायला हवी, ती शेजारच्या कॅप्स लॉकवर जाऊन पडते. मुलीची मान खाली, नजर बोटांवर. चार ओळी झाल्या की ती वर बघते आणि पडद्यावर सगळी अक्षरं मोठी झालेली दिसतात. मग बॅकस्पेस दाबून धरायचं, सगळं पुसायचं, आणि कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं. म्हणून आधी हेच सांगते: त्या चार ओळी पुसू नका.

विंडोजवर कॅप्स लॉक लागला की लहान अक्षर मोठं होतं, आणि शिफ्ट धरून मारलेलं मोठं अक्षर लहान होतं. म्हणजे सगळं बरोबर उलटतं. उलटलेलं पुन्हा उलटवलं की मूळ मजकूर परत मिळतो. वर्डमध्ये बिघडलेला तेवढाच भाग सिलेक्ट करा, होम टॅबवर मोठा ए आणि लहान ए असं चिन्ह आहे ते दाबा, आणि यादीतलं शेवटचं टॉगल केस निवडा. वाक्याच्या सुरुवातीची मोठी अक्षरं, माणसांची नावं, सगळं जागच्या जागी येतं. शिफ्ट आणि एफ ३ ची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. ती सगळं लहान किंवा सगळं मोठं करून देते, पण नावांची मोठी अक्षरं मग हाताने लावत बसावं लागतं. चार ओळींसाठी टॉगल केसच बरं. मॅकवर मात्र हे पुरतं जमत नाही, कारण तिथे कॅप्स लॉक असताना शिफ्ट धरलं तरी अक्षर मोठंच राहतं.

आमच्याकडे तहसीलचे अर्ज, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं अजून कृतिदेव या मराठी फॉन्टमध्ये होतात, आणि कॅप्स लॉकचा खरा मार तिथे बसतो. इंग्रजी मजकूर सगळा मोठ्या अक्षरांत आला तरी वाचता तरी येतो. कृतिदेवमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी बटणांवर बसवलेली आहेत. डी दाबला की क, शिफ्ट धरून डी दाबला की अर्धा क्. कॅप्स लॉक लागलेला असताना ‘कमल’ टाइप केलंत तर तीन अर्धी अक्षरं येतात, क् म् ल्. ‘भारत’चं तर काय होतं बघा. भ साठी शिफ्ट धरून एच, मग दोनदा के, जे आणि आर. कॅप्स लॉकमुळे एच लहान झाला की तिथे दुसरी वेलांटी येते, दोन्ही के चे दोन ज्ञ होतात, जे चा श्र आणि आर चा अर्धा त्. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलीला वाटतं फॉन्टच बिघडला, आणि ती कॉम्प्युटर बंद करून चालू करते. फॉन्टला काही झालेलं नसतं. टॉगल केस इथेही तसंच चालतं, कारण आतून ती इंग्रजी अक्षरंच आहेत. फक्त ऑल्ट धरून आकडे मारून काढलेली अक्षरं, म्हणजे क्र वगैरे, तेवढी नंतर नजरेखालून घाला. तीही बदलून बसू शकतात.

मी शिकले ती मॅन्युअल टाइपरायटर मशीनवर. तिच्यावर शिफ्ट लॉक होता, जवळपास याच जागी. पण तो लावायला करंगळीला जोर लागायचा. दाबला की आतला साचा खटकन हलायचा आणि बटण खालीच अडकून राहायचं. चुकून लागला तरी हाताला कळायचं, कानाला कळायचं. सोडवायला नुसतं शिफ्ट दाबलं की झालं. कॉम्प्युटरच्या कॅप्स लॉकला यातलं काहीच नाही. बाकीच्या बटणांइतकाच हलका, दाबून पुन्हा वर येतो, आणि लागला हे सांगायला कोपऱ्यात एक बारीक दिवा. बिनतारी कीबोर्डांवर पुष्कळदा तो दिवाही नसतो. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीवर ए च्या शेजारी कंट्रोल होता आणि कॅप्स लॉक खाली स्पेसबारच्या उजवीकडे होता. पुढे १०१ बटणांचा कीबोर्ड आला आणि कॅप्स लॉक ए च्या शेजारी येऊन बसला. तो अजून तिथेच आहे.

टाइपरायटरवर जे आपोआप कळायचं ते कॉम्प्युटरकडून परत मिळवायचं, म्हणून मी क्लासच्या सगळ्या मशीनवर दोन गोष्टी करून ठेवल्या आहेत.

पहिली, शिफ्टने कॅप्स लॉक सुटला पाहिजे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, खाली ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. एक जुन्या धाटणीची छोटी खिडकी उघडते. तिच्यात कॅप्स लॉक बंद कसा करायचा याचे दोन पर्याय असतात, कॅप्स लॉक दाबून किंवा शिफ्ट दाबून. दुसरा निवडा, ओके करा. आता तो चुकून लागला तरी पुढचं शिफ्ट दाबेपर्यंतच टिकतो. इंग्रजीत पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर आलं की सुटला. कृतिदेवमध्ये एक-दोन शब्दांआड शिफ्ट लागतोच, त्यामुळे नुकसान एक-दोन शब्दांपुरतं. मला विचाराल तर एकच सेटिंग करायचं झाल्यास हे करा. घरातल्या बाकीच्यांना मात्र सांगून ठेवा, कारण यानंतर कॅप्स लॉक कितीही वेळा दाबला तरी तो बंद होत नाही, आणि माहीत नसलेला माणूस घाबरतो. मी प्रत्येक मॉनिटरखाली चिठ्ठी चिकटवली आहे: ‘कॅप्स घालवायला शिफ्ट दाबा.’

दुसरी, आवाज. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, त्यात टॉगल कीज चालू करा. कॅप्स लॉक लागला की उंच पट्टीत टूं, सुटला की खालच्या पट्टीत. स्पीकर लावलेला असला पाहिजे, एवढीच अट. सहा मशीनच्या खोलीत कधीकधी कुणाचा वाजला ते कळत नाही, पण सगळ्या जणी वर बघतात, आणि तेवढं मला पुरतं.

वर्डमध्ये एक जादा सोय आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि त्यात चुकून लागलेला कॅप्स लॉक दुरुस्त करण्याची चौकट. शिफ्ट धरून मारलेलं पहिलं अक्षर लहान आणि पुढची मोठी असा शब्द दिसला की वर्ड तो सुधारतं आणि कॅप्स लॉकही काढतं. शब्द पहिल्यापासून मोठ्या अक्षरांत असला तर तुम्हाला तसाच हवा असेल असं ते धरतं, म्हणून सगळा भरवसा त्याच्यावर टाकू नका. त्याच यादीत वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणारी चौकट आहे. कृतिदेवमध्ये काम करत असाल तर तिची खूण काढा, नाहीतर परिच्छेदाच्या सुरुवातीला ‘कमल’मधला क अर्धा होऊन बसतो आणि तुम्ही दोष कॅप्स लॉकला देता.

पासवर्डचं प्रकरण वेगळं आहे. तिथे नुसते काळे ठिपके दिसतात, नजरेला काही कळतच नाही.

फॉर्म भरून देण्याच्या माझ्या दुकानात एका मुलीचा नर्सिंगचा फॉर्म मी स्वतः भरला होता. नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणे मोठ्या अक्षरांत हवं होतं, म्हणून कॅप्स लॉक लावला. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव झालं, आणि पुढचीच चौकट पासवर्डची. तो तसाच टाइप केला, दुसऱ्यांदाही तसाच. दोन्ही जुळले, खातं उघडलं, मी तिच्या वहीत पासवर्ड नीट लिहून दिला. दोन दिवसांनी तिला फोटो बदलायचा होता, तर खातं उघडेना. नवीन पासवर्डचा ओटीपी वडिलांच्या बंद पडलेल्या सिमवर जात होता. फोनवर ती रडत होती आणि मला उत्तर नव्हतं. रात्रभर मला झोप लागली नाही. पहाटे दूधवाल्याची हाक आली तेव्हा अंथरुणातच डोक्यात आलं की मी कॅप्स लॉक काढलाच नव्हता. सकाळी तिला दुकानात बोलावलं, कॅप्स लॉक लावला आणि वहीतला पासवर्ड शिफ्टसकट जसाच्या तसा टाइप केला. खातं उघडलं.

तेव्हापासून माझा नेम आहे. पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल तर तिसरा प्रयत्न करण्याआधी हात कीबोर्डवरून उचलते आणि दिवा बघते. डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून अक्षरं वाचते. तरी उघडलं नाही तर एकदा कॅप्स लॉक लावून तोच पासवर्ड टाकते. हे सगळं झाल्यावरच ‘फरगॉट पासवर्ड’. खातं नव्याने उघडताना तर पासवर्डच्या चौकटीतून पुढे जाण्याआधी त्याच डोळ्याच्या चिन्हाने एकदा वाचून घ्या, कारण दोनदा सारखाच चुकलेला पासवर्ड कुठलीही वेबसाइट पकडत नाही.

या गोष्टीचं मूळ म्हणजे मोठी अक्षरं हवी म्हटलं की आपण लगेच कॅप्स लॉककडे जातो. पॅन नंबरचंच घ्या. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. सहा अक्षरांसाठी कॅप्स लॉक लावायचा आणि काढायला विसरायचं, यापेक्षा शिफ्ट धरा. अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीने, उजव्या हाताचं असेल तर डाव्या करंगळीने. आयएफएससी कोडचंही तेच, पहिली चार अक्षरं आणि मग शून्य. बऱ्याच वेबसाइट ही अक्षरं स्वतःच मोठी करून घेतात, तिथे लहान मारलीत तरी चालतं. इंग्रजी अर्जाचं लांब शीर्षक मोठ्या अक्षरांत हवं असेल तर साधं टाइप करा, सिलेक्ट करा आणि वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए दाबा. माझ्या दुकानात कॅप्स लॉक आता आठवड्यातून एकदाही मुद्दाम लागत नाही.

बोटाला कळावं म्हणून आणखी एक उपाय आहे, पैशांत मोजायचा तर दोन रुपयांचा. कॅप्स लॉकच्या बटणावर मखमली टिकली चिकटवा. करंगळी तिथे गेली की खरखरीत लागतं आणि बोट दाबायच्या आत मागे येतं. ए गुळगुळीत, कॅप्स लॉक खरखरीत, हे मुलींच्या हाताला चार दिवसांत बसतं. टिकली पंधरा दिवसांत निघते. माझ्या स्वतःच्या कीबोर्डवर मी एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावला आहे. रात्रभर वाळू द्यायचा. तो अजून घट्ट आहे.

तुमचा घरचा कॉम्प्युटर असेल आणि दुसरं कुणी वापरत नसेल तर बटण बंदच करून टाका, मी तर म्हणेन आजच करा. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज मोफत मिळतं. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये कॅप्स लॉकला डिसेबल करता येतं किंवा त्याचं कंट्रोल बटण करता येतं. मात्र पॉवरटॉईज चालू असेपर्यंतच हे लागू असतं, विंडोजच्या लॉगिन पडद्यावर नाही. तिथेही हवं असेल तर शार्पकीज नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींत, लिहितो, कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करावा लागतो. स्वतः रजिस्ट्री उघडून आकडे घालायचा सल्ला मी कुणालाही देत नाही. मॅकवर सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज इथे जाऊन कॅप्स लॉकसमोर नो ॲक्शन निवडा.

परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी हे शेवटचं. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेला, मग ती इंग्रजी मिनिटाला ३० शब्दांची असो की ४० ची, केंद्रावरचं मशीन तुमचं नसतं. शिफ्टचं सेटिंग नसेल, आवाज नसेल, टिकली तर नसेलच. म्हणून खुर्चीत बसल्यावर आधी कीबोर्डवर दिवा कुठे आहे ते शोधा. नसेल तर पर्यवेक्षकांना विचारून कुठेतरी एक अक्षर मारून बघा. उतारा सुरू झाला की पहिला शब्द पूर्ण होताच नजर टाइप केलेल्या शब्दावर न्या, मग पुन्हा उताऱ्यावर. पुढे प्रत्येक ओळीच्या शेवटी एकदा, नुसता कटाक्ष. क्लासमध्ये मी ओळ संपली की ‘वर’ म्हणते आणि सहाही माना वर होतात.