लक्षात ठेवायचं तर आधी आठवायला शिका

“आते काही ध्यानमा र्‍हास नही” (आता काही लक्षात राहत नाही), ही तक्रार खान्देशात सत्तरीचे आजोबा करतात आणि अभ्यासिकेत दिवसभर बसणारी पोरंही करतात. दोघांची अडचण पुष्कळदा एकच असते. डोक्यात भरणं भरपूर आणि उपसा शून्य. उपसा थांबलेल्या विहिरीचे झरे बुजतात, आठवणीचंही तसंच होतं.

समोर आलेली गोष्ट आधी मेंदूच्या तात्पुरत्या जागेत थांबते. ही जागा फार लहान आहे. १९५६ मध्ये जॉर्ज मिलर यांनी तिची मर्यादा साधारण सात घटकांची सांगितली होती, पुढच्या संशोधनात ती चारच्या आसपास निघाली. म्हणूनच दहा आकडी मोबाइल नंबर आपण पाच-पाच करून सांगतो. तिथून पुढे हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाच्या मदतीने पक्की नोंद होते, पण लक्ष असेल तरच. चावी कुठे ठेवली ते आपण बहुधा विसरलेलो नसतो, ते मुळात टिपलेलंच नसतं. म्हणून चावी ठेवताना तोंडाने म्हणा, “चावी फ्रीजवर.” गॅस बंद करताना बटणाकडे बघून म्हणा, “गॅस बंद.” दोन सेकंदांचं काम आहे, पण अर्ध्या रस्त्यातून परत फिरणं वाचतं.

आता अभ्यासाचं. तापीला डावीकडून मिळणाऱ्या मुख्य नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे अशा आहेत: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. सहाच्या सहा एका दमात घोकू नका. तीन-तीनचे दोन गट करा आणि पहिली अक्षरं जोडा: ‘पूवागि, बोपांबु’. नकाशावर एकदा बोट फिरवा. मग पुस्तक मिटा.

खरं काम इथून सुरू होतं. २० मिनिटं वाचून झालं की कोरा कागद घ्या आणि पाच ते सात मिनिटं, काहीही न बघता, आठवेल ते लिहा. अडलात तर निदान १५ सेकंद थांबा. ती ओढाताण त्रासदायक वाटते, पण आठवण घट्ट होते ती त्या ओढाताणीतच. त्यानंतर पुस्तक उघडून ताडून पाहा. राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने लिहा आणि परत वाचायचं ते फक्त तेवढंच. ताडून पाहणं टाळलं तर चुकीचंच पक्कं होतं. बोरी आणि पांझरा यांची अदलाबदल एकदा बसली की ती काढायला दुप्पट कष्ट पडतात.

पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांची फसगत का होते, ते २००६ च्या एका अमेरिकन प्रयोगात स्वच्छ दिसलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, दोनदा वाचणाऱ्यांना ४२. दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘हे येतं मला’ असा भास होतो. ओळख पटणं निराळं, आठवणं निराळं. परीक्षेत लागतं ते दुसरं.

उजळणी कधी करायची? हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरगट पाठ केल्यावर एका दिवसाने ते परत पाठ करायला मूळ मेहनतीच्या सुमारे दोन तृतीयांश मेहनत लागली. सर्वात मोठी गळती पहिल्या काही तासांतली, नंतर ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी त्याच रात्री, दुसरी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, नवव्या, विसाव्या दिवशी आणि शेवटची दीड महिन्याने. पोस्टकार्डाएवढे कागद कापा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर, कोपऱ्यात पुढची तारीख. एका कागदावर एकच प्रश्न. उत्तर चुकलं की तो कागद परत पहिल्या दिवसावर.

बाजाराची यादी लक्षात ठेवायला ओळखीची वाट वापरा आणि वाटेवरच्या एकेका ठिकाणी यादीतली एकेक वस्तू मनातल्या चित्रात ठेवा. सुरतेकडच्या गाडीने नेहमी जाणाऱ्याला जळगाव, पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर हा क्रम झोपेतही येतो. भरिताचा बेत आहे असं समजा. जळगावच्या जिन्यावरून हिरवी-पांढरी वांगी गडगडत खाली येताहेत. पाळधीच्या पाटीवर लसणाच्या माळा लटकल्यात. धरणगावच्या तिकीट खिडकीतून हिरव्या मिरच्या मिळताहेत आणि रांगेतल्या सगळ्यांना ठसका लागलाय. अमळनेरच्या बाकावर शेंगदाण्याचं पोतं फुटलंय. नरडाण्याला रुळांमध्ये कांद्याची पात उगवलीय. शिंदखेड्याच्या सिग्नलला कोथिंबिरीची जुडी बांधलीय. दोंडाईच्याचे स्टेशनमास्तर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाने नखशिखांत माखलेत. प्रत्येक चित्राला पाच-सहा सेकंद द्या आणि त्यात हालचाल, वास, ठसका असू द्या. ‘पाळधीला लसूण आहे’ इतकं मिळमिळीत चित्र टिकत नाही. मिरची नंदुरबारला ठेवू नका. ते गाव मिरचीसाठीच ओळखलं जातं, तिथे ती मनात आधीपासूनच आहे, त्यामुळे आजच्या यादीतली कुठली ते कळत नाही. एकाच दिवसात दोन याद्या असतील तर दुसरीसाठी म्हसावद, पाचोरा, नगरदेवळा, कजगाव, चाळीसगाव ही वाट धरा, नाहीतर चित्रं एकमेकांत मिसळतात.

रोजच्या गोळ्यांना ही युक्ती लागत नाही. त्या ठरलेल्या सवयीला बांधा: “सकाळचा चहा कपात ओतला की बीपीची गोळी.” मनात ‘आठवणीने घेईन’ म्हणणं पुरत नाही. घेतली की नाही याचा घोळ होत असेल तर सात कप्प्यांची डबी आणा. त्यात कमीपणा काहीच नाही.

झोप मोडली की दिवसभर टिपलेलं नीट पक्कं होत नाही. मोठ्या माणसाला किमान सात तास हवेत. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. अशा दिवसांत रात्रीचा दिवस करून अभ्यास करणं हा तोटाच आहे. अवघड विषय पहाटे घ्या, दुपारी उजळणीचे कागद. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, कारण शरीरात पाणी कमी पडलं की लक्ष आधी ढळतं. चालणंही सोडू नका. २०११ च्या एका अभ्यासात ज्येष्ठांनी आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटं, वर्षभर भरभर चालल्यावर हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला.

एखादं नाव उशिरा आठवणं वयोमानाने चालतं. पण घरातलं माणूस तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारत असेल, रोजच्या गल्लीत वाट चुकत असेल, किंवा आयुष्यभर हिशेब ठेवूनही आता सुट्या पैशांत गोंधळत असेल, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनीही विसरभोळेपणा येतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी आवर्जून करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आणि विसरण्याचे प्रसंग तारखेसह लिहून सोबत ठेवा.