एयूव्हीने पाणसुरुंग शोधताना: रेघा आखण्यापासून सावली मोजण्यापर्यंत

आमच्या कामात नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी सांगतो की एयूव्ही, म्हणजे पाण्याखाली माणसाशिवाय आपोआप फिरणारं यंत्र, सुरुंग निकामी करत नाही. ती समुद्रतळाची सोनार-चित्रं, म्हणजे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून काढलेली चित्रं, आणून देते. त्यात दिसतोय तो सुरुंग की दगड, हे ठरवायचं काम आपलं. आणि ते चित्र वाचण्याजोगं येणार की नाही, हे बरंचसं यंत्र पाण्यात सोडण्याआधीच ठरलेलं असतं.

आधी वजन जुळवा. एयूव्ही पाण्यापेक्षा किंचित हलकी ठेवतात, म्हणजे मोटर बंद पडली तरी ती आपोआप वर येते. पण खाडीच्या तोंडाशी पाणी कमी खारट असतं आणि खुल्या समुद्रात जास्त. जिथे काम करायचं तिथल्याच पाण्यात तरंगवून बघा. तिथेच पाण्यातला ध्वनीचा वेगही मोजून घ्या. तो साधारण सेकंदाला 1500 मीटर असतो, पण तापमान आणि क्षार बदलले की बदलतो, आणि सोनारची सगळी अंतरं त्याच्यावरच बेतलेली असतात.

आता रेघा. शेत नांगरावं तशा समांतर रेघांवर एयूव्ही फिरते. साइड-स्कॅन सोनार डावी-उजवीकडे बघतो, थेट पोटाखाली त्याला नीट दिसत नाही. एका बाजूची पल्ला-मर्यादा 30 मीटर ठेवली तर तळापासूनची उंची 3 ते 6 मीटर असावी. मी 4 धरतो. अशा वेळी दोन रेघांत 25 मीटर अंतर ठेवलं की प्रत्येक रेघेखालचा आंधळा पट्टा शेजारच्या रेघेवरून दिसतो. वेळ वाचवायला हे अंतर 50 करायचा मोह होतो. तसं केलंत तर प्रत्येक रेघेखाली एक न बघितलेली पट्टी राहते, आणि सुरुंगाला तेवढी जागा पुरते.

रेघांची दिशा याहून महत्त्वाची. शक्यतो प्रवाहाच्या दिशेने आखा. प्रवाह आडवा लागला की यंत्र तिरकं चालतं आणि चित्र ओढल्यासारखं होतं. याचा आणखी एक फायदा आहे. प्रवाहामुळे वाळूवर उठलेल्या लाटा सहसा प्रवाहाला आडव्या असतात. प्रवाहासोबत चाललं की सोनार त्या लाटांच्या लांबीच्या दिशेने बघतो आणि वाळूच्या पट्ट्या चित्रात कमी उठतात. लाटांना आडवं बघितलं तर सगळा पडदा पट्ट्यापट्ट्यांचा होतो आणि त्यात अर्धा मीटर उंचीची वस्तू सहज हरवते. वेळ असेल तर तोच भाग काटकोनातल्या रेघांनी पुन्हा बघाच. काही वस्तू एकाच बाजूने ओळखू येतात.

जीपीएसचे संकेत पाण्यात शिरत नाहीत. खाली गेल्यावर यंत्र डॉप्लर सोनारने तळाच्या संदर्भात स्वतःचा वेग मोजून जागेचा अंदाज घेत राहतं, आणि ती चूक अंतरागणिक साचत जाते. म्हणून मधूनमधून वर येऊन जीपीएस घेण्याचे टप्पे नियोजनातच घाला.

चित्र हातात आलं की नवशिके चमकणारा ठिपका शोधतात. मी सावली बघायला सांगतो, म्हणजे वस्तूमागे ध्वनी न पोहोचल्याने चित्रात उरलेला काळा भाग. दगडही चमकतो, पण सावलीवरून उंची काढता येते. समजा यंत्र तळापासून 4 मीटरवर आहे, यंत्रापासून वस्तू 20 मीटरवर आणि तिची सावली 22.5 मीटरवर संपते. सावलीची लांबी 2.5 मीटर. तिला 22.5 ने भागा, 4 ने गुणा: सुमारे 44 सेंटीमीटर. इटालियन बनावटीचा मान्टा हा तळावर बसणारा, बुटक्या शंकूसारखा सुरुंग जवळपास एवढाच उंच असतो. 18 फेब्रुवारी 1991 ला पर्शियन आखातात अमेरिकेच्या प्रिन्स्टन युद्धनौकेखाली मान्टाच फुटला होता. त्याला जहाजाचा स्पर्श व्हावा लागत नाही. सावलीची कड सरळ, दोन्ही बाजू सारख्या, असं दिसलं की ती वस्तू माणसाने घडवलेली असण्याची शक्यता धरा आणि नोंदवा.

संशयित वस्तूंची यादी झाली की एयूव्हीला त्या त्या जागी परत पाठवा, या वेळी जवळून, वेगवेगळ्या कोनांतून आणि जास्त वारंवारतेच्या सोनारने. पाणी स्वच्छ असेल तर कॅमेराही वापरा, गढूळ असेल तर त्याच्यात वेळ घालवू नका. खात्री पटल्यावर निकामी करण्याचं काम पाणबुड्यांचं (बुडी मारणाऱ्या माणसांचं) किंवा सीफॉक्ससारख्या तारेने चालवल्या जाणाऱ्या, स्फोटक वाहून नेणाऱ्या यंत्राचं. 2003 मध्ये इराकच्या उम्म कसर बंदरात रेमस 100 ही एयूव्ही वापरली गेली तेव्हाही तिच्या जोडीला पाणबुडे आणि प्रशिक्षित डॉल्फिन होते.

‘इथून चार जहाजं गेली, काही झालं नाही’ यावर कधीही विसंबू नका. काही सुरुंगांत जहाजं मोजणारी यंत्रणा असते, ठरलेली संख्या होईपर्यंत ते गप्प राहतात.

वाळूत गाडलेला सुरुंग उच्च वारंवारतेच्या साइड-स्कॅनला दिसत नाही, त्याला कमी वारंवारतेचा सोनार लागतो. म्हणून अहवालात ‘परिसर सुरक्षित’ असं मोघम लिहू नका. कोणत्या सोनारने, किती उंचीवरून, कोणत्या दिशेने बघितलं ते लिहा. जो भाग चिखल, खडक किंवा वाळूच्या लाटांमुळे दिसलाच नाही, तो नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा आणि कारणही तिथेच लिहा.