अर्धवट वाकळांचं गाठोडं: या चुका टाळा

वाकळ, म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेली गोधडी, अर्धी राहिली की घरात पहिला शब्द निघतो तो ‘कंटाळा केला’. पण माळ्यावरचं गाठोडं खाली काढून एकेक वाकळ उलगडून बघा. एकीला मधेच झोळ आलाय. दुसरीचा दोरा संपला आणि तसला रंग परत मिळाला नाही. तिसरीत जीन्सचा थर घातल्यामुळं सुई आत जात नाही. चौथीचा फक्त काठ उरलाय. यात कंटाळा नंतर आलाय, आधी काहीतरी अडलंय. ते अडलेलं सुटलं की हात आपोआप चालायला लागतो, म्हणून खाली लिहिलेल्या चुका बहुतेक अडण्याच्याच आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं आपण वाकळ म्हणतो आणि शेजारच्या कन्नड घरात कौदी म्हणतात. दोन्हीकडं घोटाळे सारखेच होतात.

चूक: सगळा ढीग एकदम बघणं

पाच वाकळा एकावर एक ठेवल्या की ते काम डोंगराएवढं वाटतं. त्या वेगळ्या करा. कोरड्या दिवशी अंगणात बाजेवर किंवा दोरीवर एकेक पसरून उन्हं दाखवा आणि प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी टाचा. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहा: पुढचं काम कुठलं, आणि त्यासाठी काय आणायला लागेल. ‘पूर्ण करणे’ असं लिहू नका, त्यानं काही कळत नाही. ‘डाव्या अंगाच्या १४ ओळी, लाल दोरा १ रीळ’ असं लिहा.

मग मोजा. ५ फूट बाय ७ फुटांच्या वाकळेत एकेका इंचावर लांबीला धावदोरा (वरखाली जाणाऱ्या साध्या टाक्यांची ओळ) घातला तर ६० ओळी होतात. एक ओळ ७ फुटांची, म्हणजे एकूण ४२० फूट, साधारण १२८ मीटर शिवण. दोरा दुहेरी घेतला आणि वरखाली जाण्यात मुरतो तो धरला, तर ३०० मीटरच्या वर दोरा लागतो. एकच छोटं रीळ आणून सुरुवात केली की मधे अडणारच. आता घड्याळ लावून एक ओळ शिवा. समजा १५ मिनिटं लागली आणि ४० ओळी उरल्यात, तर काम १० तासांचं आहे. रोज दोन ओळी घातल्या तर वीस दिवस. ‘कधी होणार कुणास ठाऊक’ यापेक्षा ‘वीस दिवस’ हे मनाला पेलतं.

चूक: सगळ्यात जिव्हाळ्याच्या वाकळेपासून सुरुवात

आजीच्या लुगड्याची वाकळ आधी पुरी करावी असं वाटतं, आणि नेमकी तीच सगळ्यात अवघड असते. कापड विरलेलं असतं, बिघडेल म्हणून हात भीत चालतो आणि आठ दिवसांत ती परत गाठोड्यात जाते. आधी ती घ्या जिचा काठ किंवा शेवटच्या दहा-बारा ओळी उरल्यात. ती चार दिवसांत अंगावर घ्यायला मिळते. लुगड्याची वाकळ तिच्यानंतर, हात बसल्यावर.

चूक: टाचल्याशिवाय धावदोरा घालणं

सगळ्यात जास्त वाकळा इथं अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर.

धावदोरा घालताना सुई दर वेळी वरचा थर थोडा पुढं ढकलते. एका टाक्यात ते दिसतही नाही. पण ७ फुटांच्या ओळीत ते साठत जातं, आणि वीस ओळींनंतर मधोमध टोपलीसारखा झोळ उभा राहतो. तो पुढं सरकवत नेला तर काठापाशी मोठी चुणी पडते. तिथं वाकळ घडी होते आणि परत उघडत नाही.

शिवायच्या आधी सगळे थर फरशीवर अंथरा, तळहातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घाला, आधी आडवे, मग उभे. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. पहिली ओळ मधोमध घाला आणि दोन्ही अंगांना सरकत जा. असं केलं की वाढीव कापड कडेनं बाहेर पडतं, मधे कोंडत नाही.

झोळ आधीच आला असेल तर सगळी वाकळ उसवू नका. झोळाच्या दोन्ही बाजूंच्या तीन-चार ओळी तेवढ्याच जागी कापा, दोऱ्याची टोकं मागं ओढून गाठी मारा. वरचा थर सपाट करा. जास्तीचं कापड एका सरळ चुणीत दुमडा आणि त्यावर ठिगळ लावून टाका. वाकळेवर एक ठिगळ वाढलं म्हणून कुणी नाव ठेवत नाही.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांची रीत इथं बघण्यासारखी आहे. त्यांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या वाकळेत, शिवण कोपऱ्यातून सुरू होते, आधी काठ धरला जातो, मग गोल-गोल आत येत ठिगळं लावत लावत मधल्या भागापर्यंत पोचतात. ‘ठिगळं जोडून झाली, आता अस्तर लावायचं राहिलं’ ही पायरीच त्यात नाही आणि ‘फक्त काठ राहिला’ हीसुद्धा नाही. ज्यांच्याकडं नेहमी काठच उरतो, त्यांनी पुढची छोटी वाकळ या रीतीनं घालून बघावी.

चूक: वाकळेच्या पोटात मिळेल ते भरणं

सुई ओढताना बोट दुखतंय तर दोष बोटाचा नाही. मऊ सुती साडीचे चार-पाच थर हाताला पुरतात. त्यात पँटचं कापड, चादर किंवा ब्लँकेट घातलं की सुई अडते, टाके मोठे होतात आणि रोज बसावंसं वाटत नाही. शिवायच्या आधी कोपरा धरून त्यात सुई घाला. चिमट्यानं ओढावी लागली तर एक थर काढा. शिवायला घेतलेल्या वाकळेत आता थर काढता येत नसेल तर टाके दाट घालू नका, दोन ओळींमधलं अंतर दोन बोटं ठेवा आणि अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) वापरा.

सुती आणि सिंथेटिक एकाच वाकळेत घालू नका. धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक तसंच राहतं, आणि पृष्ठभाग फुगतो. नवीन कापड असलं तर धुऊनच घ्या. इलकलच्या किंवा लुगड्याच्या लाल काठाची वेगळी खात्री करा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं तो काठ घासा. फडक्याला रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो तुकडा वेगळा धुवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात धोतराचा पांढरा भाग गुलाबी होतो.

दोरा हातापासून कोपरापर्यंतच्या दुप्पट लांबीपेक्षा मोठा घेऊ नका. लांब दोरा वेळ वाचवतो असं वाटतं, पण तो पिळतो, गाठी पडतात, विरतो आणि दर तिसऱ्या ओळीला चिडचिड होते.

चूक: पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणं

खानापूरकडच्या पावसात ही चूक महागात पडते. पिशवीत दमट हवा कोंडते, काळे ठिपके पडतात, वास धरतो, आणि दिवाळीला पिशवी उघडली की परत बांधून ठेवावीशी वाटते. जुन्या सुती साडीत गाठोडं बांधा आणि जमिनीपासून उंच ठेवा.

सुई वाकळेत टोचून ठेवू नका. जूनमध्ये टोचलेली सुई सप्टेंबरात ओढली की भोकाभोवती तांबूस-तपकिरी डाग उरतो आणि साध्या धुण्यानं तो जात नाही. पांढऱ्या सुती कापडावरच्या डागाला लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं तर तो फिकट होतो. रंगीत कापडावर हे करू नका, मूळ रंगही उडतो. सुईसाठी काडेपेटीएवढी डबी करा, त्यात सुई, उरलेला दोरा आणि ती चिठ्ठी ठेवा. परत बसताना सामान शोधण्यात अर्धा तास गेला की त्या दिवशी शिवण होत नाही.

चूक: नवीन कापडानं जुना कंटाळा घालवणं

बेळगावच्या खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत गेलं की कटपीस हाताला लागतातच. नवीन वाकळेचा रंग मनात नाचतो आणि घरातली जुनी अजून खाली जाते. दोन पुऱ्या झाल्याशिवाय तिसरीचं कापड घरात आणायचं नाही, एवढा नियम घरच्यांना सांगून ठेवा.

सोडून द्यायची ती सोडा

प्रत्येक वाकळ पुरी व्हायलाच हवी असं नाही. वरचं कापड दोन्ही हातांत धरून ओढा. चर्रकन फाटलं तर त्यावर आणखी ओळी घालणं म्हणजे कष्ट वाया. पण तिचा शिवून झालेला भाग धड असेल तर तेवढा ३ फूट बाय ३ फूट कापून बाळाचं दुपटं होतं. कापायच्या आधी कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या बोटावर एकेक दाट ओळ घाला, मगच कात्री चालवा. नाहीतर धावदोरा रेषेपासून सुटत आत जातो. उरलेल्या पट्ट्यांची पायपुसणी, बसकरं होतात.

दोघींनी बसताना

उन्हाळ्यात सांडगे-पापड उरकले की दुपारी शेजारच्या काकू किंवा मावशी समोर येऊन बसल्या तर काम दुप्पट वेगानं होतं. एकच सांभाळा: प्रत्येकीचा हात वेगळा असतो. एकीनं दोरा जास्त ओढला तर अर्धी वाकळ आकसते आणि धुतल्यावर एका अंगाला वाकडी होते. दर दहा ओळींनी जागा बदला. उठताना दोघींनी मिळून चिठ्ठीवर उरलेल्या ओळी खोडून नवा आकडा लिहा आणि सुई डबीत ठेवा.